गरम कोणाला, गार कोणाला

आत्याने एक घोट घेतला, पेला संगमरवरी टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आत्या गप्प बसल्याचे प्रसंग लियानला बोटांवर मोजता आले असते, आणि त्यांतला एकही चांगला नव्हता.

"ही कॉफी सेंगची आहे," आत्या म्हणाली.

फोटोपुढच्या उदबत्त्या नुकत्याच विझल्या होत्या. बाबांच्या नैवेद्याचा पेला रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने संपवायचा, म्हणून तो आत्यापुढे आला होता. सेंग म्हणजे रस्त्यापलीकडचा कॉफीवाला. त्याच्याकडे पाठ करता यावी म्हणून बाबांनी एकदा भट्टीची जागा बदलली होती.

आई मान खाली घालून संत्री पुसत होती. तिने नाकारलं नाही. अकरा महिने ती रोज सकाळी सहाला रस्ता ओलांडून जाते, दोरी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काळी कॉफी आणते, बाबांच्या पेल्यात ओतते आणि फोटोपुढे ठेवते, असं तिने पालेभाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. दुसरं काय करणार? तिला कॉफी करता येत नव्हती.

ते खरं होतं आणि आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. या दुकानात आईने बावन्न वर्षं पाव भाजले, अंडी अर्धी उकडली, नारळाचा जॅम ढवळला, गल्ला सांभाळला. पण भट्टी ही बाबांची जागा. कापडी गाळणीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. ती गाळणीसुद्धा त्यांच्याबरोबरच गेली. धाकट्या कियातने ती धुऊन, घडी घालून शवपेटीत त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली होती.

"माझ्या भावाने जिवंतपणी त्या सेंगच्या दुकानाची सावली अंगावर घेतली नाही," आत्या म्हणाली.

"दुपारनंतर ती आपल्याच दारात पडते, आत्या," कियात म्हणाला. "घ्यावीच लागायची."

लियानला हसू आलं, आणि आत्याकडे लक्ष जाताच ते तिने संत्र्यांच्या टोपलीत वाकून लपवलं. हसण्यासारखं आज बरंच होतं आणि तिला त्याचं बरं वाटत होतं. बाबा गेल्यानंतरची ही पहिली चिंगमिंग, पूर्वजांची थडगी झाडून पुजायचा सण. नव्या थडग्याला सणाच्या दिवसाआधीच जायचं असतं, म्हणून आत्याने हा रविवार ठरवला होता. इपो शहराहून थोरला भाऊ पेंग आणि पुई यी वहिनी आली होती, सिंगापूरहून कियात. उकडलेली कोंबडी, भाजलेलं डुकराचं मांस, वाफवलेले पाव, सगळं डब्यांत भरून तयार होतं. निघायला अजून अर्धा तास होता.

त्या अर्ध्या तासात खरा प्रश्न सोडवायचा होता. महिनाअखेर ही इमारत मालकाला परत द्यायची होती आणि आई कुणाकडे जाणार हे ठरलं नव्हतं. नववर्षाच्या जेवणात पेंगने तिला फार तगादा लावला, तेव्हा ती म्हणाली होती की मला सकाळची कॉफी जिथे मिळेल तिथे मी राहीन. तिने ते विषय टाळायला म्हटलं होतं हे लियानला कळलं. पण तिघंही दुकानदाराची मुलं. टेबलावरून कुणी काही मागितलं की ते आणायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक. मागणी तशी सरळ होती. यंत्र लहान हवं, कारण आई आता कुठेही गेली तरी तिच्या वाट्याला ओट्याचा एक कोपराच येणार. त्यात बाबांच्या पेल्यासाठी गरम कॉफी व्हावी आणि आईसाठी गार, कारण आईला सगळ्यांनी आयुष्यभर बर्फ घातलेलीच कॉफी पिताना पाहिलं होतं.

पेंगचं यंत्र टेबलावर सगळ्यांत आधी आलं. काळं, चकचकीत, आत कॉफीची बंद कुपी टाकायची आणि बटण दाबायचं. पुई यी वहिनीने ते इतक्या मनापासून पुसून ठेवलं की लियानला तिची माया वाटली. वहिनी इपोची. तिच्या मते फिकट भाजलेली, दूध घातलेली कॉफी हीच कॉफी, आणि सासरी लोक पितात ते औषध. तरीही तिने सासऱ्यांच्या उरलेल्या डब्यातली पूड वापरता यावी म्हणून रिकामी, पुन्हा भरता येणारी कुपी शोधून आणली होती.

ती भरली. बटण दाबलं. यंत्राने घसा खाकरला, एक थेंब टाकला आणि मग नुसतंच कण्हत राहिलं.

"साखर आणि लोण्यात भाजलेली पूड आहे," कियात म्हणाला. "गरम पाणी लागलं की तिचा पाक होतो. त्याच्या नरड्यात अडकला."

"मग तुमच्या घराण्यात कुणाच्याच नरड्यात कशी अडकत नाही?" वहिनी म्हणाली, आणि स्वतःच पोट धरून हसली. पेंग मात्र हसला नाही. तो पाठीमागची झडप उघडून चमच्याच्या दांड्याने पाक खरवडत राहिला. लहानपणी लियानच्या सायकलची साखळी तो असाच बसवून द्यायचा.

कियातचं यंत्र उभं करायला तिघं लागली. लाकडी चौकटीत एकाखाली एक तीन काचेची भांडी, मध्ये नळ्या, छोटा नळ. गार पाणी थेंब थेंब पडणार आणि आठ तासांनी खाली कॉफी जमणार. त्याबरोबर हाताने फिरवायची चक्की, वजनकाटा आणि कुठल्या तरी डोंगरावरच्या दाण्यांची पिशवी होती. हे लहान यंत्र आहे का, असं पेंगने विचारलं. दुकानांत असतं त्यापेक्षा लहान आहे, असं कियातने सांगितलं. गरम कॉफीचं काय, असं आत्याने विचारलं. ती हाताने वेगळी गाळायची, त्याचं सामान दुसऱ्या बॅगेत होतं.

आई उठून जवळ आली आणि पडणाऱ्या थेंबाकडे बघत राहिली.

"हे मी पाहिलंय," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना दवाखान्यात दोन आठवडे लावलं होतं."

कियातचा हात नळावरच थांबला. आईने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली की चांगलं आहे, पण आठ तास थेंबाकडे बघायचं माझं करून झालंय. मग तिने त्याला एक संत्रं सोलून दिलं आणि त्याने ते लहान मुलासारखं उभ्या उभ्या खाल्लं.

"तू काय आणलंयस?" पेंगने लियानला विचारलं.

लियानने हातातला कागद पुढे केला. त्यावर तिने सहा यंत्रांची नावं, उंची, रुंदी असं शाळेच्या निकालपत्रासारखं लिहून आणलं होतं. अजून ठरवतेय, असं ती म्हणाली. हे खोटं होतं. यंत्र तिने तीन आठवड्यांपूर्वीच घेतलं होतं. भात शिजवायच्या लहान कुकरएवढं, आत धातूची उघडी जाळी, पुढे दोनच बटणं, एक गरम, एक गार. ते तिच्या गाडीच्या डिकीत जुन्या चादरीखाली होतं. ते बाहेर काढणं म्हणजे आई, तू माझ्याकडे ये, असं म्हणणं. आणि ते म्हणायचा तिला हक्क नव्हता. वडिलांच्या नावाची पूजेतली लाकडी पाटी थोरल्या मुलाकडे जाते आणि पाटीमागोमाग आई जाते, हे आत्या गेले अकरा महिने सांगत होती. तळ्याकाठच्या आपल्या फ्लॅटमधली दुसरी खोली लियानने झाडून ठेवली होती, पडदे लावले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पुस्तकांची खोली आहे असं सांगितलं होतं.

आत्याने कागद वाचलाच नाही. तिने स्वतःची पिशवी उघडली आणि त्यातून गुलाबी-सोनेरी कागदाचं एक भलंमोठं यंत्र काढलं. पूजासाहित्याच्या दुकानातलं, बाबांसाठी जाळायचं; जाळलेली कागदी वस्तू गेलेल्या माणसाला पोचते. त्याला चार कागदी कप चिकटवलेले होते.

"त्यांच्याकडे गाळणी आहे, आत्या," कियात म्हणाला.

"बावन्न वर्षं हात वर करून गाळली. खांदा दुखतो त्याचा," आत्या म्हणाली, आणि वाकडा झालेला एक कागदी कप सरळ केला.

थडग्यापाशी ऊन चढलं होतं. पेंगने गवत कापलं, कियातने दगडावरची अक्षरं लाल रंगाने पुन्हा भरली, वहिनीने डब्यांची झाकणं उघडून मांडलं. आत्या प्रत्येकाला कामं सांगत छत्रीखाली उभी होती. उदबत्त्या लावून झाल्यावर आई पुढे गेली, गुडघे टेकून बसली आणि पुटपुटू लागली. एवढा वेळ ती कधीच प्रार्थना करत नसे. बाकीच्यांनी आदराने माना खाली घातल्या. लियान सगळ्यांत जवळ उभी होती, म्हणून तिला शब्द ऐकू आले.

"पाणी खुणेपर्यंतच. वर नाही, उतू जातं. जाळी आधी बसवायची, मग पूड. दाबायची नाही, तुम्हाला दाबायची सवय आहे. डावं बटण गरम. उजवं गार, त्याला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झाकण उघडून बघायचं नाही. दिवा हिरवा झाला की झालं."

आईने हे सगळं एकदा सांगितलं आणि मग, बाबांना काहीही दोनदा सांगावं लागे म्हणून, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग जाळायचं सामान पत्र्याच्या डब्यात गेलं. कागदी सदरा, कागदी चपला, गुलाबी यंत्र. सगळ्यांत शेवटी आईने पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढली आणि ज्वाळेवर ठेवली. पहिलं पान उचललं जाऊन वळलं. त्यावर भाताच्या कुकरएवढ्या यंत्राचं चित्र होतं, पुढे दोन बटणं.

काल दुपारी लियानने आईला गाडीची किल्ली दिली होती. डिकीतली संत्री आण म्हणून. आई बराच वेळ आली नव्हती, आणि आल्यावर ऊन फार आहे एवढंच म्हणाली होती.

"आई, ते काय जाळलंस?" पेंगने विचारलं.

"वापरायची पुस्तिका. वन्संनी कागदी यंत्र आणलं, पण ते चालवायचं कसं हे तुझ्या बाबांना कोण सांगणार?"

"कुठल्या यंत्राची?"

"लियानच्या गाडीतल्या."

सगळ्यांनी लियानकडे पाहिलं. लियानने डब्यातल्या राखेकडे पाहिलं.

"म्हणजे ठरलंच होतं," पेंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

"काही ठरलं नव्हतं," आई म्हणाली. "तुझ्या यंत्राची माहिती फोनमध्ये. कियातच्या यंत्राचीही फोनमध्ये. फोन कसा जाळणार? कागदावर एवढीच होती. आणि चिनी अक्षरं मोठी होती."

वहिनीला पुन्हा हसू फुटलं आणि यावेळी पेंगलाही आवरलं नाही. कियातने विचारलं की आता पुस्तिका बाबांकडे, मग खरं यंत्र कोण चालवणार? आईने त्याला राख हलवायला सांगितलं.

दुकानात परत आल्यावर लियानचं यंत्र भट्टीच्या रिकाम्या जागी ठेवलं. तिथे ते फारच लहान दिसत होतं. कियात फोनवर पुस्तिका शोधू लागला, तर आईने त्याला फोन खिशात ठेवायला लावला. तिने पाणी खुणेपर्यंत भरलं, जाळी बसवली आणि बाबांचा पुडीचा डबा उघडला. वास सगळ्या दुकानात पसरला. किती घालायची, असं वहिनीने हळूच विचारलं. आईने डोळे मिटले. बावन्न वर्षं ती पाठमोरी पाव भाजत होती, भट्टीकडे बघायला तिला सवड नव्हती. पण कान मोकळे होते.

"चमचा डब्याच्या काठावर तीनदा वाजायचा," ती म्हणाली, आणि तीन चमचे घातले.

यंत्र चालू झालं तेव्हा आत्याने आपलं घोडं पुढे दामटलं. यंत्र कुणाचंही असो, रीत ती रीत. पाटी थोरल्याकडे जाणार, आणि जिथे नवऱ्याची पाटी तिथे बायको. लोक काय म्हणतील? मुलगा असताना आई मुलीकडे, तेही लग्न न केलेल्या?

पेंगने मान हलवली. वहिनी आपल्या चकचकीत यंत्राकडे बघत राहिली. कियात खिडकीपाशी गेला. बोलायचं असेल तर आता, असं लियानला वाटलं. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं ते असं की कप धुवायला हवेत.

"वन्सं," आई म्हणाली, "सकाळी तुम्ही एका घोटात ओळखलंत."

"काय?"

"सेंगची कॉफी. मी अकरा महिने आणतेय, तरी मला सांगता आली नसती. तुम्ही मात्र एका घोटात."

आत्याची छत्री मिटलेलीच होती, ती तिने पुन्हा मिटली. ती आणि बाबा आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते ते दिवस सगळ्यांना माहीत होते. त्या आठ वर्षांत आत्या कॉफी कुठे प्यायची, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि बोलाचाल पुन्हा सुरू झाल्यावर सवय मोडली की नाही, हेही.

"त्याच्या मागच्या दाराने जाते मी," आत्या शेवटी म्हणाली. "मंगळवारी आणि शनिवारी."

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं."

"मिंग तोंगला? माझ्या भावाला माहीत होतं?"

"मंगळवारी आणि शनिवारी ते भट्टीकडे तोंड करून जरा जास्त वेळ उभे राहायचे. तुम्हाला जाता यावं म्हणून."

आत्या खुर्चीवर बसली. तिने रुमाल काढला, पण नाक पुसलं, डोळे नाही. कियात खिडकीकडून वळला. थोड्या वेळाने आत्याने घसा साफ केला आणि निकाल दिला. पाटी थोरल्याकडे, ती रीत कुणी मोडायची नाही. पण फोटो आणि पेला कॉफी जिथे होते तिथे राहतील, कारण माझ्या भावाला रोज सकाळी घरची कॉफी मिळाली पाहिजे. आणि कुपीची चालणार नाही. वहिनीने यावर एक सुस्कारा सोडला, तो दुःखाचा नव्हता हे सगळ्यांनाच कळलं.

"तुला माझ्याकडे यायचंच नव्हतं का?" पेंगने विचारलं. पन्नाशीचा माणूस, पण त्याने ते टेबलाच्या काठाला नखाने खरवडत विचारलं.

"तुझ्याकडे दर महिन्याला येईन. पुई यीच्या हातची दुधाची कॉफी पिईन, नावं ठेवीन आणि दुसरा कप मागीन," आई म्हणाली. "तुझं घर भरलेलं आहे, पेंग. तू दिवसातून चारदा ये म्हणालास. कियातही म्हणाला. हिने यंत्र आणलं आणि चादरीखाली लपवून ठेवलं. अशा माणसाला एकटं ठेवू नये."

लियान कप धुवत होती. तिने नळ बंद केला नाही. बराच वेळ एकच कप धुतला जात होता, आणि कुणी तिला हाक मारली नाही.

हिरवा दिवा लागला. आईने गरम कॉफी बाबांच्या जाड पांढऱ्या पेल्यात ओतली. मग जाळी धुऊन, पुन्हा तीन चमचे घालून उजवं बटण दाबलं. वीस मिनिटं कुणी झाकण उघडलं नाही, फक्त आत्याने दोनदा प्रयत्न केला. गार कॉफी उंच ग्लासात आली. कियातने बर्फ टाकला आणि सवयीने ग्लास आईपुढे सरकवला. लियानने हात पुसले, गरम पेला उचलला आणि फोटोकडे निघाली.

"तो इकडे," आई म्हणाली. "त्यांना ग्लास दे."

"पण तू तर गार पितेस."

"मी कुठे गार पिते? गार व्हायची ती. सकाळी सातला तुझे बाबा कप भरून ठेवायचे, माझा हात त्याला दहाला लागायचा. निवलेली कॉफी पिववत नाही, म्हणून मी बर्फ टाकायचे. त्याची सवय झाली, दुसरं काय?" तिने फोटोकडे हनुवटीने खूण केली. "आणि तो माणूस बावन्न वर्षं निखाऱ्यांपुढे उभा. त्याला कुणी गार विचारलंच नाही."

लियानने थंडगार ग्लास फोटोपुढे ठेवला. काचेवरून पाण्याचा एक ओघळ आला आणि फोटोखालच्या कापडावर जिरला. पेला झाकून ठेवलेला होता, तरी वाट बघून थोडा निवला होता, म्हणून आईने तो ओतून टाकला आणि तिसऱ्यांदा पाणी खुणेपर्यंत भरलं. यावेळी हिरवा दिवा लागताच ती मधल्या टेबलापाशी, गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीवर बसली. लियानने कॉफी तिच्यापुढे आणून ठेवली. वाफ वर जात होती.

आईने पहिला घोट घेतला, तोंड भाजलं तशी थांबली आणि पुन्हा प्यायली.

अर्धवट उघड्या शटरवर कुणीतरी टकटक केलं. कुणी जुनं गिऱ्हाईक असावं. दार उघडं दिसलं, वास आला, म्हणून वाकून आत बघत होतं. दोन काळ्या, एक साखर कमी, असं त्याने बाहेरूनच सांगितलं.

पेंग उठला. कियात वळला. लियानचा हात सवयीने कपाकडे गेला. तिघंही एकदमच निघाली होती.

आई जागची हलली नाही. तिने पेला दोन्ही हातांत धरला होता.

"दुकान बंद आहे," ती म्हणाली. "मी कॉफी पितेय."